न दिसणारे टाके

जाम हे वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं गाव. नागपूरहून येणारा हैदराबादचा रस्ता आणि वरोरा-चंद्रपूरकडे जाणारा रस्ता इथे वेगळे होतात, त्यामुळे लोकांना गावापेक्षा चौकच जास्त ठाऊक. दवाखान्यात निघालेल्या माणसाला इथून सगळीकडे जाता येतं. खाली हिंगणघाट, वर्ध्याजवळ सेवाग्राम आणि सावंगी, वर नागपूर. गर्भाशयाची पिशवी काढायची ठरली की घरात चर्चा रंगते ती गाडी कुठे न्यायची याची. कुणाच्या नणंदेचं नागपूरला दुर्बिणीतून झालं, दोन दिवसांत घरी आली. कुणाच्या सासूचं सेवाग्रामला खालून झालं, पोटावर ओरखडाही नाही. कुणाच्या जावेचं मात्र पोट उघडावं लागलं, आठवडाभर खाटेवरून उठली नाही. मग आपल्या बाईला दुर्बीणच बरी, असा निकाल लागतो.

त्या तिघींच्या पिशव्या सारख्या नव्हत्या आणि त्या काढण्याची कारणंही सारखी नव्हती, हे या चर्चेत कुणी बोलत नाही. एकीला मोठ्या गाठी होत्या, एकीचं अंग बाहेर येत होतं, तिसरीची आधी दोन सिझर झालेली होती. पद्धत ठरते ती अशा गोष्टींवरून. शेजारणीचा अनुभव ऐकायला चांगला असतो, पण त्यावरून आपलं ऑपरेशन ठरवता येत नाही.

त्याहीआधी, पिशवी काढायची तरी का, हे ठरायला हवं. महाराष्ट्राला हा प्रश्न बीडने विचारायला लावला. २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली, असं तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी जून २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितलं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी आधीच काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा बायकांत एक. ऊसतोडीत नवराबायकोचा मिळून एक 'कोयता' धरतात आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. पाळीचे दिवस म्हणजे खाडा. तेव्हा पाळीच नको, असा हिशेब कुणी करायला लावला आणि कुणी स्वतःच करून घेतला. बीडमध्ये त्यानंतर अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं की अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वं लागू करा.

वर्धा म्हणजे बीड नव्हे. इथे कापूस आणि सोयाबीन, ऊसतोडीसारखी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल नाही. पण 'आता पिशवीचं काम काय?' हे वाक्य इथेही ऐकू येतं. विशीच्या आत-बाहेर लग्न, दोन लेकरं, पंचविशीत कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. पुढे दहा वर्षांनी अंगावरून पांढरं जायला लागतं, कंबर धरते, सोनोग्राफीत 'सूज' निघते आणि कुणीतरी सांगतं, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या सुमारे तीन टक्के बायकांची पिशवी काढलेली होती, आणि काढतेवेळचं मधलं वय होतं चौतिशीच्या आसपास. श्रीमंत देशांत हे ऑपरेशन बहुतेक चाळिशी-पन्नाशीतलं असतं.

पांढरं पाणी जाणं हे पिशवी काढण्याचं कारण नाही. बहुतेकदा तो जंतुसंसर्ग असतो आणि गोळ्यांनी बरा होतो. काही संसर्गांत नवऱ्यालाही गोळ्या द्याव्या लागतात एवढंच, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. पाळीत फार जात असेल तर रक्तस्राव कमी करणारी ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडची गोळी आहे, हार्मोनच्या गोळ्या आहेत. हार्मोन सोडणारी तांबीसारखी वस्तू गर्भाशयात बसवली तर ती पाच वर्षं आणि त्याहून अधिक काम करते, आणि कित्येकींची पाळी नावापुरती उरते. गाठ एखाददुसरी आणि सोयीच्या जागी असेल तर तेवढी गाठच काढता येते. अंग खाली येत असेल आणि बाई तरुण असेल तर पिशवी न काढता ती वर बांधून ठेवायच्या शस्त्रक्रिया आहेत. त्यांतल्या दोन मुंबईत घडल्या आणि शिरोडकर व पुरंदरे ही मराठी नावं घेऊन जगभरच्या पुस्तकांत गेल्या. गोव्यात जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर जगाला ठाऊक आहेत ते गर्भाशयाच्या तोंडाला घालायच्या टाक्यामुळे, पण पिशवी वाचवायचं त्यांचं हे कामही तेवढंच मोलाचं आहे. वयस्कर आणि ऑपरेशन न झेपणाऱ्या बाईला रबराचं किंवा सिलिकॉनचं कडं बसवून दिलं तरी अंग आत राहतं.

एवढं करूनही भागत नाही, अशा बाया असतातच. पिशवीच्या भिंतीत अस्तर शिरून ती फुगलेली, गाठींनी पोट भरलेलं, दर महिन्याला रक्त जाऊन हिमोग्लोबिन सहावर आलेलं, अंग पूर्ण बाहेर, किंवा खरोखरच कॅन्सर. इथे ऑपरेशन टाळण्यात शहाणपणा नाही.

मात्र चाकू लावण्याआधी दोन तपासण्या झाल्याच पाहिजेत. गर्भाशयाच्या तोंडाची पॅप तपासणी, आणि वय चाळिशीपलीकडे असून फार रक्त जात असेल तर आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासणं. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला साधं पिशवीचं ऑपरेशन बहुतेकदा पुरत नाही. त्याला आजूबाजूची ऊतीही घेऊन काढायची मोठी शस्त्रक्रिया लागते किंवा किरणांचे शेक द्यावे लागतात. न तपासता साधं ऑपरेशन उरकलं आणि नंतर अहवालात कॅन्सर निघाला, तर उपचाराची घडीच बिघडते. मग नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयासारख्या ठिकाणी आधीचं काम निस्तरत पुढचं काम करावं लागतं. तपासणीला दहा मिनिटं लागतात. ती न करण्याला माझ्या मते सबब नाही.

आता पद्धत.

गर्भाशय एरवी उलट्या धरलेल्या पेरूएवढं असतं, वजन पन्नास-साठ ग्रॅम. गाठी झाल्या की ते वाढतं आणि डॉक्टर ते गरोदरपणाच्या आठवड्यांत मोजतात. बारा आठवड्यांएवढं म्हणजे ओटीपोटाच्या हाडाच्या जरा वर हाताला लागणारं, वीस आठवडे म्हणजे बेंबीपर्यंत. हा आकार, पिशवी खाली किती उतरते आणि ती आत मोकळी हलते की कशाला चिकटलेली आहे, एवढं हाताने तपासून कळलं की पद्धत जवळजवळ ठरते. सोनोग्राफीचा कागद मदतीला असतो. म्हणून नुसता तो कागद पाहून आणि बाईला टेबलावर न तपासता कुणी 'दुर्बिणीतून करू' म्हणत असेल तर दुसरीकडे दाखवावं.

सगळ्यांत जुनी पद्धत खालून, म्हणजे योनीमार्गे. लोक तिला बिनटाक्याचं ऑपरेशन म्हणतात. तिच्यात नेमकं काय होतं ते पाहू. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलेलं असतं, पाय दोन्ही बाजूंच्या आधारांवर. सर्जन गर्भाशयाचं तोंड चिमट्यात धरून खाली घेतो आणि त्याभोवती गोल छेद देतो. समोर मूत्राशय चिकटलेलं असतं. ते हलक्या हाताने सोडवून वर सारायचं. सिझर झालेल्या बाईत हीच जागा जुन्या जखमेने घट्ट बसलेली असते, म्हणून तिथे घाई चालत नाही. मग पिशवीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे बंध एकेक करून चिमट्यात घ्यायचे, कापायचे आणि दोऱ्याने बांधायचे. आधी पाठीच्या हाडाकडे जाणारे, मग गर्भाशयाची मोठी रक्तवाहिनी, शेवटी नळी आणि अंडाशयाकडचे. त्या रक्तवाहिनीपाशी प्रत्येक सर्जन सावध होतो, कारण मूत्रपिंडातून येणारी मूत्रवाहिनी तिच्याच खालून, गर्भाशयाच्या तोंडापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून जाते. पिशवी बाहेर आली की योनीचं वरचं टोक उघडं राहतं. ते शिवायचं, आणि मघाचे भक्कम बंध त्या टोकाला जोडायचे, म्हणजे पुढे ते टोक खाली घसरणार नाही. या टोकाला डॉक्टर व्हॉल्ट म्हणतात.

थोडक्यात, बिनटाक्याच्या ऑपरेशनात टाके भरपूर असतात. ते बाहेरून दिसत नाहीत, इतकंच.

न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास बसत नाही, याचा मासला या शस्त्रक्रियेच्या इतिहासातच आहे. १८१३ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या कॉनराड लांगेनबेकने एका बाईचं गर्भाशय खालून काढलं. भुलीचा शोध लागायला अजून तीसेक वर्षं होती. मदतीला एकच सर्जन, तोही वातरोगाने खुर्चीतून उठू न शकणारा. रक्तस्राव सुरू झाला तेव्हा लांगेनबेकने एका हाताने दाब धरला आणि दोऱ्याचं टोक दातांत धरून गाठ मारली, असं सांगतात. काढलेलं गर्भाशय हरवलं, मदतनीस पुढे वारला आणि बाईच्या पोटावर तर काही खूण नव्हती. सहकारी म्हणाले, थापा मारतो. सव्वीस वर्षांनी ती बाई वारली, शवविच्छेदन झालं आणि गर्भाशय खरोखरच नाही हे दिसलं, तेव्हा कुठे त्याचं खरं मानलं गेलं.

पोट उघडून गर्भाशय काढल्यावर पेशंट वाचायला १८५३ उजाडलं. आजही पोटावरची पद्धत सगळ्यांत जास्त दुखते आणि सगळ्यांत जास्त दिवस घेते. छेद बहुधा बिकिनीच्या रेषेत आडवा असतो, फार मोठ्या गाठी किंवा कॅन्सर असला की उभा. तरी तिला हिणवू नये. वीस आठवड्यांची पिशवी, आतड्यांना चिकटलेले थर, अंडाशयाची शंकास्पद गाठ, अशा वेळी उघड्या डोळ्यांनी पाहून आणि हाताने चाचपून काम करणं हेच सुरक्षित असतं. चांगला सर्जन दुर्बिणीने सुरुवात करून अर्ध्यावर पोट उघडतो तेव्हा ऑपरेशन 'बिघडलं' असं नातेवाईक म्हणतात. खरं तर तो निर्णय बहुतेकदा पेशंटला वाचवणारा असतो.

दुर्बिणीतून पूर्ण पिशवी काढण्याचं पहिलं ऑपरेशन अमेरिकेत हॅरी राइशने १९८८ मध्ये केलं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवायचं, तीन-चार बारीक छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारं घालायची आणि पडद्याकडे पाहत काम करायचं. पिशवी शेवटी बाहेर येते ती बहुधा योनीतूनच. दुखणं कमी, पोटाला मोठी जखम नाही, घरी लवकर. पूर्ण भूल मात्र लागते, वेळ जास्त जातो आणि मूत्रवाहिनी किंवा मूत्राशयाला इजा होण्याचं प्रमाण पोटावरच्या पद्धतीपेक्षा जरा जास्त दिसलं आहे. रोबो ही दुर्बिणीचीच महागडी बहीण आहे. साध्या आजारासाठी तिच्यावर जास्तीचा पैसा घालावा असं मला वाटत नाही.

जगभरच्या चाचण्यांचा मेळ घालून कॉक्रेन गटाने २०१५ मध्ये जो निष्कर्ष काढला तो सरळ आहे. साध्या, कॅन्सर नसलेल्या आजारात खालून करता येत असेल तर खालून करावं. ते जमण्यासारखं नसेल तर पोट उघडण्याआधी दुर्बिणीचा विचार करावा. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. शिरीष शेठ हेच आयुष्यभर सांगत आले, आणि अंग बाहेर आलेलं नसताना, सिझर झालेली असतानाही खालून कसं करावं हे त्यांनी शिकवलं. तरी खालचं ऑपरेशन मागे पडत चाललं आहे. पडद्यावर दिसणारी शस्त्रक्रिया शिकवायला सोपी, दाखवायला छान आणि बिलालाही बरी. खालून काम करणारा हात तयार व्हायला वर्षं लागतात आणि फलकावर लिहिण्यासारखं त्यात काही नसतं. गंमत अशी की सगळ्यांत कमी खर्चाची, चट्टा नसलेली पद्धत मोठ्या शहरापेक्षा सेवाग्राम-सावंगीसारख्या शिकवणाऱ्या रुग्णालयांत जास्त सहज मिळू शकते. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय तर मुळात बायकामुलांसाठीच सुरू झालं. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी तिथे ग्रामीण भागातलं देशातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. पुढे तिथल्याच डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत सुगीला ज्वारी घेऊन त्यावर उपचारांची हमी देणारी योजना चालवली. दवाखान्याची वर्गणी पायलीने मोजणारा मुलुख हा.

कॅन्सरची गोष्ट वेगळी. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी दुर्बिणीतून मोठी शस्त्रक्रिया करण्याचं तंत्र पुण्याच्या डॉ. शैलेश पुणतांबेकरांनी घडवलं आणि जगभर नेलं. पण २०१८ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत असं दिसलं की या कॅन्सरमध्ये दुर्बिणीपेक्षा पोट उघडून केलेल्या बायका जास्त जगल्या, आणि बहुतेक ठिकाणी पारडं पुन्हा उघड्या शस्त्रक्रियेकडे झुकलं. मोठ्या गाठी पोटातच यंत्राने बारीक करून छिद्रातून काढण्याबद्दलही २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला. गाठीत दडलेला कॅन्सर असेल तर तो पोटभर पसरू शकतो. छोटं छिद्र ही सोय आहे, दर वेळी ते चांगलंच असतं असं नाही.

सर्जनला विचारायचा प्रश्न माझ्या मते एकच: माझ्यासारख्या केसमध्ये तुम्ही स्वतः बहुतेकदा कसं करता, आणि का? ज्याचा हात ज्या पद्धतीत बसला आहे ती त्याच्या हातून सुरक्षित. उत्तर द्यायला जो चिडतो त्याच्याकडे करू नये.

पिशवीबरोबर अंडाशय काढायचे का, हा प्रश्न तर कित्येकींना विचारलाही जात नाही. 'साफ करून टाका' म्हटलं की सगळंच जातं. पाळी जाण्याआधी दोन्ही अंडाशय काढले तर दुसऱ्या दिवसापासून रजोनिवृत्ती सुरू होते. अंगातून वाफा, झोप उडणं, योनी कोरडी पडणं, आणि पुढे हाडं ठिसूळ होणं व हृदयविकार वाढणं. पस्तिशीच्या बाईवर हे लादायला भक्कम कारण हवं, घराण्यातला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर असं. नुसती पिशवी गेली आणि अंडाशय राहिले तर पाळी थांबते, पण हार्मोन चालू राहतात. काहींत ते जरा लवकर मंदावतात, एवढंच. नळ्या मात्र खुशाल काढाव्यात. कुटुंबनियोजन झालेल्या बाईला त्यांचा उपयोग नाही, आणि अंडाशयाच्या म्हणवल्या जाणाऱ्या बऱ्याच कॅन्सरची सुरुवात नळीच्या टोकाशी होते असं आता दिसतं आहे. तसंच गर्भाशयाचं तोंड मागे ठेवण्यात आपल्याकडे फारसा फायदा नाही. ठेवलं तर तपासणी जन्मभर करत राहावी लागते, आणि ती कुणी करत नाही.

तयारीत रक्त पहिलं. हिमोग्लोबिन सात-आठवर असताना तातडी नसलेलं ऑपरेशन करू नये. शिरेतून लोह दिलं, मधल्या काळात औषधाने पाळी थांबवून ठेवली, की महिनाभरात आकडा वर येतो आणि रक्ताची पिशवी चढवायची वेळ टळते. विदर्भात दुसरी तपासणी तितकीच गरजेची, सिकलसेलची. इथल्या अनेक समाजांत या आजाराचे वाहक आहेत. नुसता वाहक असेल तर फारशी अडचण येत नाही, पण आजारच असेल आणि तो भूलतज्ज्ञाला ठाऊक नसेल तर ऑपरेशनच्या टेबलावरची थंडी, पाण्याची कमतरता आणि प्राणवायू कमी पडणं या तीन गोष्टी मिळून जिवावर बेततात.

आणि मग दिवस. कापसाची वेचणी दसरा-दिवाळीला लागते आणि शेवटचा वेचा माघ-फाल्गुनापर्यंत चालतो. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, म्हणून घरातली प्रत्येक बाई वावरात असते. कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस भरत जातो, ती जड होते, सगळा भार ओटीपोटावर आणि कमरेवर, आणि बाई तशीच वाकून पुढच्या पऱ्हाटीकडे सरकते. ऑपरेशननंतर नेमकं हेच करायचं नसतं. तेव्हा वेचणी आटोपल्यावर आणि उन्हाळा भडकायच्या आत, फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑपरेशन झालेलं बरं. पेरणीला जून येतो, तोवर तीन महिने मिळतात. मे महिन्यातल्या विदर्भाच्या उन्हात नव्या जखमेची बाई घरात तळमळते, आणि सिकलसेल असेल तर तो काळ धोक्याचाही आहे.

ऑपरेशन झाल्यावरचे पहिले दिवस आता पूर्वीसारखे नाहीत. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं की पेशंटला उपाशी आणि आडवं ठेवल्याने बरं होणं लांबतं. आता बहुतेक ठिकाणी त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी पाय खाली टेकवतात, पाणी-चहा लवकर देतात, लघवीची नळी दिवसभरात काढतात. चालणं महत्त्वाचं, कारण पडून राहिलं की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होते. दुर्बिणीचं झालेल्या बाईचा खांदा दुखतो आणि ती घाबरते, छातीचं काही झालं का म्हणून. उरलेला वायू श्वासपटलाला टोचतो, त्याचं ते दुखणं. दोन दिवसांत जातं. पोटावरचं झालं असेल तर खोकताना उशी पोटाशी दाबून धरावी. कमरेच्या सुईने जन्मभर कंबर दुखते, हा समज घरोघर आहे. त्या दुखण्याला बहुतेकदा रक्त कमी असणं, हाडं आणि वर्षानुवर्षं वाकून केलेलं निंदण जबाबदार असतं.

खाण्याचा घोळ मोठा. भाताने टाके पिकतात, वरणाने वात होतो, अंडं उष्ण, म्हणून बाईला चहा-बिस्किटावर ठेवतात. टाका भरून यायला प्रथिनं लागतात. वरण, अंडी, दूध, फुटाणे, जे परवडेल ते पहिल्या दिवसापासून द्यावं. भाताने काही पिकत नाही. शौचाला कुंथावं लागू नये म्हणून पाणी भरपूर आणि लागलं तर इसबगोल.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू होते, आणि ती बाईपेक्षा घराची असते. पोटावर वीतभर पट्टी असलेल्या सुनेला सासू स्वतःहून म्हणते, पडून राहा. बिनटाक्याचं किंवा दुर्बिणीचं झालेली सून चौथ्या दिवशी चालती-बोलती दिसते आणि आठव्या दिवशी तिच्या हातात पाण्याचा गुंड येतो. पण आतला व्हॉल्ट तिन्ही पद्धतींत त्याच जागी शिवलेला असतो आणि त्याला जुळून यायला तितकेच आठवडे लागतात. किंबहुना दुर्बिणीतून केलेल्यात व्हॉल्ट उसवण्याची शक्यता थोडी जास्तच असते, कारण तिथली कड विजेच्या उष्णतेने कापलेली असते. भरलेला गुंड दहा-पंधरा किलोचा. गॅसची टाकी तर बोलूच नये. पहिले सहा आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जड काही उचलायचं नाही, लेकरूही कडेवर घ्यायचं नाही. बसूनच मांडीवर घ्यायचं. वेचणी, निंदण, डोक्यावरचा भारा यांना तीन महिने थांबलेलं बरं. स्वयंपाक, हलकी झाडलोट, गावातल्या गावात फिरणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून चालतं. फटफटीवर मागे बसून खड्ड्यांतून जाणं सहा आठवडे नको.

दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास थोडं लाल किंवा तपकिरी जातं. आतले टाके विरघळायला लागलेले असतात. घाबरायचं कारण नाही. पण पाळीसारखं धो धो जायला लागलं, घाण वासाचं पाणी, ताप, एका बाजूची कूस धरणं, एकच पाय सुजून दुखणं, एकदम दम लागणं, यांतलं काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. आठवड्या-दोन आठवड्यांनी योनीतून सतत पाणी झिरपायला लागलं आणि त्याला लघवीचा वास असेल तर मूत्रमार्गाला इजा झालेली असू शकते. बाया हे लाजेने महिनोन् महिने लपवतात. ते दुरुस्त होतं, पण वेळेत गेलं तर सोपं जातं.

नवऱ्याला सांगायच्या गोष्टी डॉक्टरने नवऱ्यालाच सांगाव्यात, बाईकरवी निरोप पाठवू नये. सहा ते आठ आठवडे संबंध नाहीत, आणि त्यानंतरही डॉक्टरांनी आतून तपासल्यावरच. पिशवी गेली म्हणजे बाई आतून पोकळ झाली, तिची ताकद गेली, ती आता कामाची नाही, हे सगळं चुकीचं आहे. रक्त जाणं थांबल्यामुळे बऱ्याच बायकांना सहा महिन्यांत उलट अंगात बळ आल्यासारखं वाटतं. काहींना मात्र पहिले महिने उगाच रडू येतं, मन उदास राहतं. चाळिशीच्या आतल्या, मनाविरुद्ध पिशवी गेलेल्या बायकांत ते जास्त. त्यांना 'काय झालं तुला, दुखतंय का' एवढंच विचारून भागत नाही.

अंग बाहेर येत होतं म्हणून ऑपरेशन झालेल्या बाईला आणखी एक काम असतं. पिशवी काढली तरी तिला धरणारे स्नायू सैलच असतात, आणि काही वर्षांनी व्हॉल्टच खाली उतरू शकतो. लघवी अडवून धरताना जे स्नायू आवळतात तेच आवळायचे, पाच मोजेपर्यंत धरायचे, सोडायचे. अमेरिकेच्या अर्नोल्ड केगेलने १९४८ मध्ये सांगितलेला हा व्यायाम चुलीपाशी बसूनही होतो. दोन महिन्यांनी जखम भरल्यावर सुरू करावा आणि सोडू नये. जुना खोकला आणि बद्धकोष्ठ यांवरही उपचार करून घ्यावेत, कारण प्रत्येक खोकला त्याच बंधांवर आदळतो.

राहिले कागद. काढलेली पिशवी तपासणीला जाते आणि आठ-दहा दिवसांनी तिचा अहवाल येतो. तोवर बाई घरी आलेली असते आणि अहवाल रुग्णालयाच्या कपाटात पडून राहतो. तो आणायला घरच्या कुणीतरी जावं आणि डॉक्टरांकडून वाचून घ्यावा, कारण अनपेक्षित काही असलं तर ते तिथेच लिहिलेलं असतं. सुटीच्या कार्डावर तीन गोष्टी स्पष्ट लिहून मागाव्यात. गर्भाशयाचं तोंड काढलं का, नळ्या काढल्या का, अंडाशय किती राहिले, एक की दोन. पाच वर्षांनी पोटात दुखलं आणि हिंगणघाटच्या डॉक्टरांनी हेच विचारलं, तर 'पिशवी काढली' यापलीकडे बाईला काही सांगता येत नाही. रेशनकार्ड आणि सातबारा ज्या पिशवीत ठेवतात, त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत हे कार्डही ठेवावं.